ओळंब्यातली भिंत

"पहार अशी धरत नाहीत, तेरदाळे. ही काय गुरं राखायची काठी आहे?"

रावसाहेब कँटीनमधल्या हातवाल्या खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्यासमोर त्यांचंच काम करत होतो. काम म्हणजे नाटकातलं. एरवी मी हेंबाडे आणि कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, पण तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत अभिनयाचं एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवण्याचा मूर्खपणा केला होता. कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. धाकटे साहेब, म्हणजे रावसाहेबांचे चिरंजीव विक्रमसिंह, यांनी कंपनीच्या इतिहासावर नाटक बसवायचं ठरवलं आणि ती काच त्यांच्या नजरेला पडली.

नाटकाचा जीव एकाच प्रवेशात होता. तो प्रसंग कंपनीत शिपायापासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता. नवा माणूस नोकरीला लागला की पहिल्या दिवशी त्याला हजेरीचं कार्ड मिळायचं आणि ही गोष्ट ऐकायला मिळायची. कंपनीचं पहिलं काम म्हणजे कोल्हापूरच्या गूळ बाजारातलं एक गोदाम. मागची भिंत पुरुषभर उंच झाली आणि ओळंब्याची वजन बांधलेली दोरी सोडून बघितलं तर भिंत किंचित बाहेर गेलेली. मालकाला ते सात जन्मांत कळलं नसतं. पण चोवीस वर्षांच्या रावसाहेबांनी भर बाजारात पहार घेतली, आपल्या हातानं ती भिंत पाडली आणि पदरमोड करून पुन्हा सरळ बांधली. बाजारात बोलबाला झाला. व्यापाऱ्यांनी गोदामांची अख्खी ओळ त्यांच्या हाती दिली, मग साखर कारखाने आले, मग दवाखाने, पूल आणि पुण्यातले टॉवर. कंपनीच्या दर्शनी दालनात या प्रसंगाचं भलंमोठं तैलचित्र होतं. त्यात रावसाहेब प्रत्यक्षापेक्षा वीतभर उंच होते.

"खांदे आधी पुढं टाकायचे," रावसाहेब सांगत होते. "पहिला घाव घालताना मागं वळून बघायचं नाही. कोण हाका मारतंय, कोण नको म्हणतंय, काही ऐकायचं नाही. आणि घाव घातला की मान डावीकडं जराशी झुकली पाहिजे. मागून बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा माणूस आता थांबत नाही."

मी तसं केलं. भिंतीच्या जागी कँटीनचं भांड्यांचं कपाट होतं.

"परत," रावसाहेब म्हणाले.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांची शिस्त अशी की सिमेंटच्या गोणीनंसुद्धा त्यांच्यासमोर ताठ उभं राहावं. तालमीला ते रोज यायचे. बाकीच्या प्रवेशांत डुलक्या घ्यायचे; भिंतीचा प्रवेश आला की खडबडून जागे व्हायचे आणि मला माझी मान नीट झुकवायला लावायचे. मला मोठा अभिमान वाटायचा. इतक्या मोठ्या माणसाला आपली तरुणपणची मानसुद्धा आठवते, हे मी घरी बायकोला दोनदा सांगितलं.

एके दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. बाकीचे गेल्यावर बराच वेळ काठीनं फरशीवर रेघा ओढत राहिले आणि मग म्हणाले, उद्या गाडी घेऊन कागलच्या पुढं अक्काच्या गावी जा, अक्काला आणि दाजींना समारंभाचं आमंत्रण कर. मी चाट पडलो. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण आणि दाजी म्हणजे तिचे यजमान, तातोबा चौगुले. कंपनीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं की अक्कांचं माहेर तुटलेलं आहे. कंपनीचं जेवढं वय, तेवढंच त्या भांडणाचं. सुरुवातीला दाजी धंद्यात भागीदार होते, मग काहीतरी बिनसलं आणि ते गावाकडं गेले. पैशावरून बिनसलं असं सगळे म्हणत, कारण माणसं सहसा पैशावरूनच भांडतात. आई वारली तेव्हा अक्का आल्या, अंगणात बसून रडल्या आणि घोटभर पाणीही न घेता परत गेल्या. रावसाहेबांनी नवा बंगला बांधला तेव्हा खाली उजव्या हाताची एक खोली अक्कासाठी ठेवली. तिच्यातला पलंग रोज झाडला जायचा आणि त्यावर कोणी झोपायचं नाही.

"धाकट्या साहेबांना पाठवा ना," मी म्हणालो. "मी कोण?"

"विक्रम आमंत्रण करायला गेला की भाषण करून येतो," रावसाहेब म्हणाले. "तुम्ही जा. तुम्ही नाटकात मी आहात. बघू या, मी गेल्यावर ती काय म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कौलारू घर, पुढं शेणानं सारवलेली पडवी, आणि घराच्या भिंती अशा सरळ की माझ्यासारख्या आयुष्यभर कागदावर रेघा मारलेल्या माणसाचा डोळा त्यांच्यावर ठरला. दाजी पडवीत पानाचा डबा घेऊन बसले होते. ऐंशी ओलांडलेले, सडसडीत, मोजकं बोलणारे. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला बसायला घोंगडं सरकवलं आणि पुन्हा अडकित्त्यात सुपारी घातली. बोलायचं काम अक्कांनी केलं.

आधी त्यांनी माझी पोरंबाळं विचारली, मग चहा दिला, मग कंपनीत किती माणसं आहेत ते विचारलं. मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. दाजी पान लावत होते. मग नाटकाचा विषय निघाला. त्यात काय काय दाखवणार म्हणून अक्कांनी विचारलं आणि मी सगळं रंगवून सांगितलं. भिंतीशी आलो तेव्हा त्या पुढं सरकून बसल्या.

"आन भिंत कोन पाडतंय म्हनालास?"

"रावसाहेब. म्हणजे मी."

अडकित्त्याचा आवाज थांबला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं ठसका लागला, पण त्या हसत होत्या. बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "येतो आम्ही. नाटक बघायला येतो."

"आणि बंगल्यावर?" मी धीर करून विचारलं. "साहेबांनी तुमच्यासाठी खोली ठेवलीय."

"खोली ठिवली म्हनं." त्या आता हसत नव्हत्या. "त्याला सांग, चार लोकांत त्यानं एक गोष्ट बोलायची हाय. ती बोलला की त्याच्या दारात पाय ठिवीन. न्हाई बोलला तर नाटक बघून वाटंला लागतो."

"कुठली गोष्ट?"

"ती त्याला म्हाईत हाय."

मी दाजींकडं पाहिलं. त्यांनी लावलेलं पान माझ्यापुढं धरलं आणि जाताना गाडीचं चाक बांधावरून जपून घ्या एवढंच सांगितलं. परत येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. रावसाहेबांचा चेहरा काही क्षण अगदी पोरसवदा झाला, मग पुन्हा रोजचा झाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही मानेकडं लक्ष द्या."

समारंभ कंपनीच्याच यार्डात होता. आता बांधकाम कंपनीला मंडप घाला म्हणून सांगितलं की काय होतं ते बघण्यासारखं होतं. इतर लोक फळ्यांचं स्टेज घालतात. आमच्या लोकांनी पाया खणून, सळ्या बांधून काँक्रीटचं घातलं. पायऱ्यांना कोबा केला. नाटकातली भिंत तेवढी कच्ची ठेवायची होती. नुसत्या विटा रचून मधे थोडी माती, वरून रंग, म्हणजे पहारीचा घाव बसला की धाडकन खाली. मी साइट इंजिनिअर म्हेत्रे यांना हे तीनदा समजावलं आणि त्यांनी तसं करूनही घेतलं. खोटं कशाला बोलू, त्यांनी माझ्यासमोर एका बोटानं ती हलवून दाखवली.

त्यानंतर आठवडाभर मी तिकडं फिरकलो नाही, कारण कँटीनमधल्या कपाटावर माझा चांगला हात बसला होता. त्या आठवड्यात रावसाहेब यार्डात चक्कर मारायला गेले. त्यांनी स्टेज बघितलं, पायऱ्या बघितल्या, आणि सवयीनं भिंतीवर काठी टेकली. चार विटा खाली आल्या. पुढचं मला नंतर म्हेत्र्यांनी सांगितलं. रावसाहेबांचा नुसता संताप झाला. हेंबाड्यांच्या यार्डात, हेंबाड्यांच्या पन्नासाव्या वर्षी असली भिंत? पाहुणे काय म्हणतील? म्हेत्र्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण रावसाहेबांसमोर तोंड उघडायची कंपनीत पद्धत नव्हती. त्याच दिवशी चांगले गवंडी लागले. नऊ इंची भिंत, मालात सढळ सिमेंट, प्रत्येक थराला ओळंबा, आणि पुढं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारून ती पिकवली. मग वरून पहिल्यासारखा मळका रंग दिला. मला कोणी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असेल. भिंत नाटकात पडायची आहे हे रावसाहेबांच्या ध्यानातच नव्हतं, असं म्हेत्रे म्हणाले. मी तेव्हा ते खरं मानलं.

समारंभाच्या संध्याकाळी यार्ड माणसांनी फुलून गेलं. मंत्री आले, कारखान्यांचे चेअरमन आले, गूळ बाजारातले व्यापारी फेटे बांधून आले. विंगेतून मी पहिल्या रांगेकडं बघितलं. मधल्या खुर्चीत रावसाहेब होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन खुर्च्या त्यांनी मंत्र्यांनासुद्धा दिल्या नव्हत्या. दिवे लागायच्या सुमाराला अक्का आणि दाजी आले. रावसाहेब उठून उभे राहिले. अक्कांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, मधे एक खुर्ची नवऱ्याला सोडली आणि पलीकडं बसल्या. दोघं म्हातारे खांद्याला खांदा लावून बसले आणि समोर बघू लागले.

पहिला अंक छान झाला. दुसऱ्यात भिंतीचा प्रवेश आला. मी ओळंबा सोडला, डोळा बारीक केला, "भिंत बाहेर गेलीय," हे वाक्य असं टाकलं की मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरली. खांदे पुढं टाकले. मागून हाका आल्या, मी वळलो नाही. मान डावीकडं झुकवली आणि घाव घातला.

पहार लाकडाची होती, वरून चंदेरी रंग दिलेली. ती मधोमध मोडली आणि तिचा पुढचा तुकडा एका चेअरमनच्या पायाशी जाऊन पडला. भिंत तशीच.

मला आधी वाटलं माझंच काही चुकलं. मी उरलेल्या तुकड्यानं ठोकलं. मग लाथ मारली. मग खांदा लावला. यार्डात एक हसू फुटलं, त्याला दुसरं मिळालं, आणि बघता बघता मागच्या रांगा खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. विंगेत म्हेत्रे कपाळाला हात लावून खाली बसले होते. पन्नास वर्षांचा इतिहास माझ्या खांद्यावर होता आणि खांदा सुजत चालला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दाजींचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण जुन्या साइटवरचा होता, लांबवर जाणारा.

"अवो, वळंब्यात हाय की ती. पाडताय कशाला?"

हसण्याचा असा काही लोट आला की मंडपाचं कापड हललं. धाकटे साहेब पडदा पाडा म्हणून हातवारे करू लागले, पण पडद्याचा रूळसुद्धा आमच्याच लोकांनी बसवला होता, तो काही हलला नाही. आणि मग हसणं पुढच्या रांगांपासून मागं थांबत गेलं, कारण रावसाहेब उठले होते.

काठी टेकत ते पायऱ्या चढले. नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. ते माझ्याकडं आले नाहीत. भिंतीपाशी गेले, तिच्यावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "बाजूला व्हा, तेरदाळे." आणि माइकसमोर आले.

"ती भिंत मी पाडली नव्हती," ते म्हणाले.

त्यांनी पहिल्या रांगेकडं हात केला.

"दाजींनी पाडली. ते म्हणाले, बाहेर गेलीय. मी म्हणालो, राहू दे, कोण बघतंय. खिशात दमडी नव्हती, मी त्यांच्या पाया पडलो. ते ऐकेनात. बाजार बंद झाल्यावर त्यांनी पहार घेतली. मी मागं उभा राहून त्यांना हाका मारत होतो आणि शिव्या देत होतो. त्याच पावली त्यांना धंद्यातून काढलं." त्यांना धाप लागली. "दुसऱ्या दिवशी बाजारातले व्यापारी आले. विचारलं, भिंत कोणी पाडली? दाजी तिथं नव्हते. मी म्हणालो, मी."

मला तेव्हा कळलं की मी इतके दिवस कोणाची मान झुकवत होतो. आपले खांदे मागून कसे दिसतात हे कुठल्याच माणसाला माहीत नसतं. रावसाहेबांना ते पाठ होते, कारण ते त्यांचे नव्हते.

मग गूळ बाजारातल्या एका वयस्क व्यापाऱ्यानं फेटा सावरला, उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच्यामागं रांग उठली, मग दुसरी, मग सगळं यार्ड. कोणी म्हणालं, नाटकाचा शेवट काय बांधलाय. कोणी म्हणालं, याला म्हणतात मोठेपणा, आयुष्यभराचं श्रेय मेव्हण्याच्या पदरात टाकलं. रावसाहेबांनी हात वर केला.

"अहो, मी खरं सांगतोय," ते म्हणाले.

टाळ्या दुप्पट झाल्या. धाकटे साहेब डोळे पुसत स्टेजवर आले, त्यांनी वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माइक घेऊन सांगितलं की, हा विनय हाच आमच्या कंपनीचा पाया आहे. रावसाहेब त्यांच्याकडं असे बघत होते, की हे कोणाचं कार्टं असा प्रश्न पडावा. टाळ्या वाजवत नव्हती ती दोनच माणसं. अक्का मांडीवर हात ठेवून भावाकडं बघत होत्या. दाजी भिंतीकडं बघत होते आणि त्यांना ती पसंत पडलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रावसाहेबांचा फोटो आणि खाली त्यांच्या निगर्वीपणाची स्तुती. आठवडा उलटायच्या आत नव्या माणसांना सांगायच्या गोष्टीला शेपूट जोडलं गेलं: आणि इतकं करूनही रावसाहेबांनी पन्नास वर्षांनी त्याचं श्रेय स्वतःकडं ठेवलं नाही. स्टेजवरची भिंत पाडायला काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवायला लागणार होता. धाकट्या साहेबांनी ती पाडायची नाही असं ठरवलं, तिच्यावर पितळी पाटी लावली आणि पाटीवरचं वाक्य जाहिरातीत छापलं: पहार मोडली, भिंत मोडली नाही. त्या जाहिरातीवर पुण्यातल्या दोन टॉवरमधले सगळे फ्लॅट विकले गेले म्हणे.

पण ते पुढचं. समारंभाच्या तिसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला पुन्हा गाडी घेऊन कागलला पाठवलं. अक्का नवं लुगडं नेसून पडवीत तयारच होत्या. "बोलला न्हवं चार लोकांत," एवढंच म्हणाल्या आणि दाजींना घेऊन गाडीत बसल्या. वाटभर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि एकदाच डोळ्यांना पदर लावला. मलाही गाडी हाकताना समोरचं धूसर दिसत होतं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

रावसाहेब फाटकात उभे होते. सुनेनं अक्कांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्याशी अक्का थांबल्या.

"टाळ्या लई पडल्या तुला," त्या म्हणाल्या.

"काय करू, अक्का? खरं बोललो तर..."

"खोटं बोललास तवाबी टाळ्या, खरं बोललास तवाबी टाळ्या. तुझं नशीबच टाळ्यांचं, रावजी." आणि मग त्यांनी हात पुढं केला, त्या पंचाहत्तरीला टेकलेल्या भावाच्या गालावरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "वाळलास की रं," म्हणत त्यांनी उंबरा ओलांडला.

दाजी मात्र अजून फाटकातच होते. कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबून त्यांनी एक डोळा मिटला होता. ही भिंत कंपनीच्या निवडक गवंड्यांनी खास साहेबांच्या बंगल्यासाठी बांधलेली. रावसाहेब घाईघाईनं त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्याच नजरेनं बघू लागले.

"रावजी," दाजी म्हणाले, "ही बाहेर गेलीया."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी काठी भिंतीला लावली, बघितली, पुन्हा बघितली.

"पाडतो, दाजी. उद्याच माणसं लावतो. मी स्वतः उभा राहून पाडतो."

दाजींनी भिंतीवरून हात फिरवला, तळव्याची धूळ धोतराला पुसली आणि तोच हात मेव्हण्याच्या खांद्यावर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "कोन बघतंय."